३४३८ या संख्येची भावंडं

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सन ४९९ च्या सुमारास आर्यभटानं आपल्या ग्रंथात ज्यांची सारणी दिली. ज्या म्हणजे आजच्या शाळेतला साइन. फरक इतकाच की आज साइन काढताना त्रिज्या १ धरतात, तेव्हा एखादी मोठी संख्या धरत. अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीनं त्याच्या सुमारे साडेतीनशे वर्षं आधी जीवांच्या कोष्टकासाठी त्रिज्या ६० धरली होती. आर्यभटानंतर थोड्याच वर्षांनी वराहमिहिरानं १२० धरली. ६० काय, १२० काय, यांचे भाग हवे तसे पडतात. हिशेब करणाऱ्याचा हात अडत नाही. आर्यभटाची त्रिज्या मात्र ३४३८. तिला ना चारनं भाग जातो, ना पाचानं. अशी अवघड संख्या त्यानं का निवडली असेल?

उत्तर वर्तुळाच्या परिघावर आहे. पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश, अंशाच्या ६० कला, म्हणजे परिघावर २१,६०० कला. आर्यभटानं परिघ आणि व्यास यांचं गुणोत्तर ६२,८३२ भागिले २०,००० असं दिलं होतं, म्हणजे ३.१४१६. त्यावरून परिघ २१,६०० असेल तर त्रिज्या येते ३४३७.७४, जवळचा पूर्णांक ३४३८. टॉलेमीच्या कोष्टकात परिघ अंशांत मोजलेला आहे आणि जीवा त्रिज्येच्या साठाव्या भागांत, म्हणजे मापं दोन. आर्यभटाकडे माप एकच. त्यानं परिघावरची कला सरळ उचलून त्रिज्येवर ठेवली.

या एका निर्णयाचा फायदा सारणीच्या पहिल्याच ओळीत दिसतो. आर्यभटाची पहिली ज्या २२५ कलांच्या, म्हणजे पावणेचार अंशांच्या कोनाची आहे, आणि तिची किंमतही २२५ च आहे. लहान कोनाचा चाप आणि त्याची ज्या जवळजवळ सारख्याच लांबीच्या असतात, पण हे आकड्यांत दिसायचं तर दोन्ही एकाच मापात मोजलेली हवीत. पुढच्या ओळीला चाप ४५० आणि ज्या ४४९. तिथून दोघांत अंतर पडत जातं. ३० अंशांना, म्हणजे १८०० कलांना, ज्या १७१९ येते, बरोबर त्रिज्येच्या निम्मी.

श्रोतेहो, आजचा विषय कोनमापनाच्या एककांचं रूपांतर हा आहे. शाळेत हा विषय दोन ओळींत संपतो: अंशांना π नं गुणून १८० नं भागा, की रेडियन, उलट करायचं तर उलट. अकरावीच्या गणिताचं पहिलंच प्रकरण कोन आणि त्याचं मापन हे असतं आणि विद्यार्थी ते भराभर उलटून पुढच्या सूत्रांकडे धावतात. पण निरनिराळ्या धंद्यांत कोन कसे मोजले जातात हे पाहत गेलं की एक गंमत दिसते. जिथे जिथे कोनाचं लांबीत किंवा लांबीचं कोनात रूपांतर होतं, तिथे तिथे आर्यभटाची ३४३८ तरी भेटते, नाहीतर तिचं एखादं भावंड. कलांत मोजलं तर ३४३८, अंशांत मोजलं तर ५७.३, विकलांत, म्हणजे कलेच्या साठाव्या भागांत, मोजलं तर २,०६,२६५. त्रिज्येइतक्या लांबीचा चाप घेतला तर त्यात आपलं एकक किती वेळा बसतं, एवढंच या संख्या सांगतात. एककं माणसांनी आपापल्या सोयीनं पाडलेली आहेत. ही संख्या मात्र वर्तुळाकडून येते.

त्रिज्येइतक्या चापाच्या कोनाला आज आपण एक रेडियन म्हणतो. चौदाव्या शतकात केरळातल्या संगमग्रामच्या माधवाच्या परंपरेत त्याची किंमत ३४३७ कला, ४४ विकला आणि विकलेचे ४८ साठांश इतकी बारीक काढलेली होती. आजचं कॅल्क्युलेटर याहून वेगळं काही सांगत नाही. इंग्लंडमध्ये केंब्रिजचा रॉजर कोट्स १७१६ साली ऐन तेहतिशीत वारला. त्याचं लेखन १७२२ मध्ये छापलं गेलं, त्यात हाच कोन नैसर्गिक माप म्हणून पुढे आला. त्याला नाव मिळायला मात्र आणखी दीडशे वर्षं लागली. १८७३ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजात जेम्स थॉमसन यांनी काढलेल्या परीक्षेच्या प्रश्नांत 'रेडियन' हा शब्द पहिल्यांदा छापून आला.

याचा अर्थ सगळ्यांनी ३४३८ ला चिकटून राहायचं असा नव्हता. भास्कराचार्यांनी मोठ्या गणिताला ३४३८ आणि झटपट गणिताला १२० अशा दोन्ही त्रिज्या वापरल्या. आणि कोकणात नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या 'ग्रहलाघवा'त ज्यांची सारणीच काढून टाकली. ग्रहांची गणितं त्यांनी नुसत्या गुणाकार-भागाकारांत बसवली. पंचांगकर्त्याला जे हवं होतं ते मिळालं, आणि महाराष्ट्रातली पंचांगं पुढे कित्येक पिढ्या त्या ग्रंथावर चालली.

कोनाचं आणखी एक रूपांतर आपण रोज करतो आणि आपल्या लक्षातही येत नाही. ते म्हणजे कोनाचं काळात. पृथ्वी एका प्राणात, म्हणजे एका श्वासाच्या अवधीत, एक कला फिरते असं आर्यभटानं सांगितलं. प्राण म्हणजे आजचे चार सेकंद. सहा प्राणांचं एक पळ, साठ पळांची एक घटिका, साठ घटिकांचा दिवस. गुणाकार केला की दिवसाचे प्राण २१,६००, वर्तुळाच्या कलांइतकेच. घड्याळ आणि वर्तुळ एकाच मापाचं, म्हणून रूपांतराला गुणकच लागत नाही. आजच्या तासांत तो लागतो: एक अंश म्हणजे चार मिनिटं, पंधरा अंश म्हणजे एक तास.

भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे, कारण ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२ अंश ३० मिनिटे (कोनाचं मिनिट म्हणजेच कला) रेखांशावर बेतलेली आहे. साडेब्याऐंशी भागिले पंधरा म्हणजे साडेपाच. मुंबईचा रेखांश मात्र सुमारे ७२ अंश ५० मिनिटे, म्हणून तिची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. १९०६ मध्ये प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईकरांनी ती सहजासहजी मानली नाही. 'मुंबई टाइम' ३९ मिनिटं मागे राहून १९५५ पर्यंत टिकून होता. त्या ३९ मिनिटांच्या भांडणात मुळात पावणेदहा अंश होते. नागपूर आणि मुंबई यांच्या रेखांशांत सव्वासहा अंशांचा फरक आहे, म्हणजे आकाशात पंचवीस मिनिटांचा. हातातली घड्याळं मात्र सारखीच.

आता कोन पृथ्वीवर आडवा टाकू. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत ९० अंश, म्हणजे ५४०० कला. यातल्या एका कलेइतकी पृष्ठावरची लांबी म्हणजे सागरी मैल. १९२९ मध्ये तो १८५२ मीटर ठरला. खलाशाला हे माप सोयीचं, कारण नकाशावर अक्षांशाची मिनिटं मोजली की अंतर हातात येतं. क्रांतीनंतरच्या फ्रान्सला मात्र साठांशांचं हे जुनं राज्य नको होतं. तिथल्या विद्वानांनी काटकोनाचे १०० भाग केले, त्या भागाला ग्रेड म्हटलं, ग्रेडचे पुन्हा शंभर भाग केले. आणि मीटर ठरवला तो ध्रुव ते विषुववृत्त अंतराचा एक कोट्यंश. हिशेब करून पाहावा: १०० ग्रेड गुणिले १०० म्हणजे १०,००० भाग, आणि अंतर १०,००० किलोमीटर. म्हणजे किलोमीटर हे मुळात कोनाचं एकक, ग्रेडच्या शतांशाची पृथ्वीवरची लांबी. सागरी मैलाचा हा दशमान भाऊ.

दलांब्र आणि मेशँ या दोन फ्रेंच खगोलशास्त्रज्ञांनी १७९२ ते १७९८ या काळात डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंत मोजणी केली, ती याच मीटरसाठी. नव्या एककाला नवी कोष्टकंही लागतात. फ्रान्सच्याच प्रोनी यांनी कामाची वाटणी करून, बेरीज-वजाबाकीपुरतं गणित येणारी माणसं हाताशी धरून, दशमान कोनांची प्रचंड कोष्टकं तयार करवली. पुढे ही वाटणी चार्ल्स बॅबेजला गणकयंत्राच्या कल्पनेसाठी उपयोगी पडली. इतकं करूनही किलोमीटर जगभर गेला आणि ग्रेड मागे राहिली. जगातली घड्याळं, समुद्राचे नकाशे, खगोलाच्या नोंदी, यंत्रांवर कोरलेली वर्तुळं, सगळं साठांशांत होतं. ६०° हा समभुज त्रिकोणाचा कोनसुद्धा ग्रेडमध्ये ६६.६६ असा कधी न संपणारा होतो.

तरी ग्रेड, म्हणजे आजचा गॉन, मेला नाही. फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड इथल्या मोजणीदारांनी तो धरून ठेवला. कोनांच्या बेरजा करताना साठ झाले की हातचा घ्यायची कटकट त्यात नाही. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला तिपाईवर उभ्या दिसणाऱ्या टोटल स्टेशन या मोजणीयंत्राच्या सेटिंगमध्येही अंश, गॉन आणि मिल असे पर्याय असतात. एक गॉन म्हणजे ५४ मिनिटं. दोघांत फरक दहा टक्क्यांचाच, त्यामुळे चुकीच्या सेटिंगमधला आकडा वेडावाकडा दिसत नाही आणि शंका येत नाही.

लष्कराची अडचण निराळी. तोफखान्याला हवं असतं असं माप, की हजार मीटरवर एका भागाला एक मीटर सरकावं. हे काम रेडियनचा सहस्रांश चोख करतो, पण पूर्ण वर्तुळात तो ६२८३.१८५ वेळा बसतो, आणि ६२८३ ला ६१ आणि १०३ यांच्याखेरीज कशानंच भाग जात नाही. अशा चकतीवर खुणा पाडणार कशा? म्हणून नाटोच्या देशांनी ६४०० भाग धरले, सोव्हिएत सैन्यानं ६०००, स्वीडननं ६३००. नाव सगळीकडे मिल किंवा त्याच्यासारखंच, माप तीन. नाटोचा मिल हजार मीटरवर ९८ सेंटिमीटर सरकतो; दोन सेंटिमीटरांचा तोटा सोसून त्यांनी भाग पडणारी संख्या विकत घेतली.

हिंदुस्थानात, फ्रान्समधल्या मीटरच्या मोजणीनंतर थोड्याच वर्षांनी, विकलेशी झुंज सुरू झाली. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटननं मद्रासजवळ पायारेषा मोजली आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडत देश मापायला घेतला. त्याच्या मोठ्या थिओडोलाइटचं, म्हणजे कोन मोजणाऱ्या यंत्राचं, वजन अर्धा टन आणि आडव्या चकतीचा व्यास ३६ इंच. आता २,०६,२६५ हे भावंड पुढे येतं. १८ इंचांची त्रिज्या म्हणजे ४५७ मिलिमीटर. भागिले २,०६,२६५ केलं तर एका विकलेसाठी त्या चकतीच्या कडेवर जागा उरते दोन सहस्रांश मिलिमीटरांच्या आसपास. म्हणून त्याला सूक्ष्मदर्शक जोडलेले होते. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळाच्या शिखरावर हे यंत्र चढवताना ते आदळलं आणि चकती वाकली.  लॅम्बटननं तंबूत बसून आठवड्यामागून आठवडे चकती ठोकून-ओढून पूर्ववत केली. मोजणी उत्तरेकडे सरकत राहिली आणि १८२३ मध्ये, तिच्यासोबत हिंडत असतानाच, तो वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला वारला.

या मोजणीत रूपांतराचा एक सुंदर प्रकार आहे. शाळेत त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०° असते. पण पृथ्वीच्या गोल पाठीवर मोठा त्रिकोण आखला की ती थोडी जास्त भरते. ही जादा भर त्रिकोणाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. क्षेत्रफळाला पृथ्वीच्या त्रिज्येच्या वर्गानं भागलं की ती रेडियनमध्ये येते, २,०६,२६५ नं गुणलं की विकलांत. आकडे घातले तर दर १९७ चौरस किलोमीटरला एक विकला. चाळीस-चाळीस किलोमीटर बाजूंच्या त्रिकोणात साडेतीन विकला जादा निघायलाच हव्यात, आणि निघाल्या नाहीत तर मोजणी चुकली.

हीच संख्या आकाशात गेली की पार्सेक होते. सूर्य आणि पृथ्वी यांमधलं अंतर ज्या ताऱ्यावरून एका विकलेएवढं दिसेल, तो तारा तसल्या २,०६,२६५ अंतरांवर असतो, म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं. १८३८ मध्ये बेसेलनं हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचं लंबन, म्हणजे हाच कोन, एका विकलेच्या तृतीयांशाजवळ मोजलं आणि ताऱ्याचं अंतर पहिल्यांदा आकड्यात आलं.

एवढ्या उंचीवरून रुळांवर उतरू. भारतीय रेल्वेत वळणाची तीव्रता अंशांत सांगतात: साडेतीस मीटरच्या, म्हणजे शंभर फुटांच्या जीवेनं केंद्राशी केलेला कोन. त्याचं सूत्र रेल्वेच्या प्रत्येक अभियंत्याला पाठ असतं: १७५० भागिले त्रिज्या. ब्रॉडगेजवर दहा अंशांहून कडक वळण चालत नाही, म्हणजे त्रिज्या १७५ मीटरच्या खाली जात नाही. हे १७५० आले कुठून? साडेतीसला ५७.३ नं गुणावं. १७४८ येतात, व्यवहारात १७५०. कोणत्याही नियमपुस्तिकेत त्याला रेडियन म्हटलेलं नसेल, पण आहे तो तोच.

१८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. याचा कोन हवा असेल तर ५७.३ ला ३७ नं भागावं: दीड अंशाच्या किंचित वर, १ अंश ३३ मिनिटे. एवढ्याशा कोनासाठी आगगाडीला मागून इंजिनं लावावी लागतात. चढ टक्क्यांत सांगितला तर २.७. पण ही युक्ती लहान कोनांपुरतीच खरी. शंभर टक्के चढाचा कोन ५७.३° नसून ४५° असतो, कारण तिथे चाप आणि उंची यांची साथ केव्हाच सुटलेली असते. आर्यभटाच्या सारणीत दुसऱ्याच ओळीला पडलेलं ते एका कलेचं अंतर इथवर वाढत आलेलं असतं.

मोबाइलनं या सगळ्यात नवा घोटाळा आणला आहे. पुण्याचा शनिवारवाडा नकाशावर १८.५२ उत्तर, ७३.८६ पूर्व असा दिसतो. हे दशांश अंश. जुन्या कागदांवर तीच जागा १८ अंश ३१ मिनिटे, ७३ अंश ५१ मिनिटे अशी असते. आता कुणी १८.५२ हे १८ अंश ५२ मिनिटे म्हणून उतरवलं, तर फरक पडतो जवळजवळ २१ मिनिटांचा. एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे जागा साडेअडतीस किलोमीटर उत्तरेला, राजगुरुनगरच्या अक्षांशावर गेली. रेखांशानं मात्र ही चूक उघडी पाडली असती, कारण ७३ अंश ८६ मिनिटे असं काही असूच शकत नाही. साठाच्या पुढे मिनिट नाही. बिंदूनंतरचा आकडा साठापेक्षा लहान असला की चूक पचून जाते.

संगणकाचं तर ठरलेलंच आहे. स्प्रेडशीट असो की प्रोग्रॅमिंगची भाषा, साइनला दिलेला आकडा रेडियनच समजला जातो. ३० चा साइन विचारला तर अर्ध्याऐवजी उणे ०.९८८ मिळतो. कॅल्क्युलेटर ग्रेडवर असेल तर ०.४५४. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. यंत्राचा हा हट्टही निराधार नाही: कोन रेडियनमध्ये असेल तरच साइनच्या बदलाचा दर नुसता कोसाइन येतो. अंशांत मोजलं की प्रत्येक पायरीला ५७.३ नं भागत बसावं लागतं.

शेवटी एक चालू वाद. १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय एककपद्धती ठरली तेव्हा रेडियनला मूलभूतही नाही आणि साधितही नाही अशा 'पूरक' वर्गात ठेवलं होतं. १९९५ मध्ये तो वर्गच रद्द झाला आणि रेडियन साधित एककांत गेला. रेडियन म्हणजे चापाची लांबी भागिले त्रिज्येची लांबी, म्हणून परिमाणहीन. लिहिलं तरी चालेल, गाळलं तरी चालेल. या मोकळीकीची किंमत विद्युत अभियंते मोजतात. आपल्या घरात येणारी वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं. पण प्रवाहाचं गणित करताना अभियंता ३१४ हा आकडा धरतो, कारण एका आवर्तनात ६.२८३ रेडियन असतात. परिमाणं तपासली तर ५० आणि ३१४ दोन्ही नुसते 'दर सेकंदाला' असतात, आणि कागदावर एकाच्या जागी दुसरा आला तर परिमाणांची तपासणी ते पकडत नाही. काही मापनतज्ज्ञांचं म्हणणं आहे की लांबी आणि काळ यांच्यासारखा कोनालाही स्वतंत्र मूलभूत राशीचा दर्जा द्यावा. तसं केलं तर चाप म्हणजे त्रिज्या गुणिले कोन या साध्या सूत्रातही एक जादा स्थिरांक घालावा लागेल आणि भौतिकशास्त्राची निम्मी पुस्तकं बदलावी लागतील, असं विरोधकांचं उत्तर आहे. आंतरराष्ट्रीय एककपद्धतीच्या २०१९ च्या नवव्या अधिकृत पुस्तिकेतही रेडियन साधित एककांच्या यादीतच आहे. मात्र आवर्तनांचा दर हर्ट्झमध्ये आणि कोनीय वेग रेडियन प्रति सेकंदात, असं एककाचं नाव प्रत्येक वेळी स्पष्ट लिहावं, अशी शिफारस त्याच पुस्तिकेत केलेली आहे.